‘ट्रान्सकल्चरेशन’ म्हणजे काय? दोन संस्कृती भेटतात तेव्हा नेमके काय बदलते?

दोन संस्कृती एकत्र आल्या की मराठीत पटकन ‘संगम’ हा शब्द वापरला जातो. पूर्व-पश्चिमेचा संगम, खाद्यसंस्कृतींचा संगम, परंपरा आणि आधुनिकतेचा संगम. शब्द सुंदर आहे, पण तो काही गोष्टी गृहीत धरतो. दोन नद्या आपापल्या उताराने वाहत येतात, कोणालाही न दुखावता मिसळतात आणि पुढे एकत्र जातात, असे चित्र त्यातून उभे राहते.

इतिहासात अनेकदा असे घडलेले नाही. कोणी शस्त्रे घेऊन आले, कोणाला साखळदंडांत आणले गेले, कोणी मजुरीच्या करारावर अंगठा उठवून बोटीत बसले, तर कोणाची मूळ वस्तीच उरली नाही. तरीही त्या भेटीतून नवे संगीत, नवा स्वयंपाक, नव्या श्रद्धा जन्माला आल्या. या प्रक्रियेला नेमके काय म्हणायचे, हा प्रश्न क्यूबातील अभ्यासक फर्नांदो ऑर्तिझ यांना पडला होता. त्यांनी १९४० मध्ये त्यासाठी एक नवा शब्द घडवला. स्पॅनिशमध्ये ‘त्रान्सकुल्तुरासिओन’, इंग्रजीत ‘ट्रान्सकल्चरेशन’. आज इतिहास, मानवशास्त्र, साहित्य आणि संगीत यांच्या अभ्यासात हा शब्द सर्रास दिसतो. मात्र तो बऱ्याचदा ‘संस्कृतींची सरमिसळ’ एवढ्याच अर्थाने वापरला जातो आणि त्यातला महत्त्वाचा भाग निसटून जातो.

शब्दाचा थोडक्यात अर्थ

ऑर्तिझ यांच्या मते वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक दीर्घकाळ एकत्र राहू लागले की तीन गोष्टी घडतात. पहिली, दुसऱ्या संस्कृतीतले काही घेतले जाते. दुसरी, स्वतःच्या संस्कृतीतले काही हातातून सुटते, तुटते किंवा हिरावले जाते. तिसरी, दोघांपैकी कोणाकडेही आधी नसलेले असे काही नवे तयार होते. घेणे, गमावणे आणि घडणे या तिन्हींना मिळून त्यांनी ट्रान्सकल्चरेशन म्हटले. मूल आई-वडील दोघांचेही काही घेऊन जन्मते, पण दोघांपेक्षा वेगळे असते, अशी उपमाही त्यांनी दिली.

यात दोन बाबी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे हा बदल सर्व बाजूंना होतो. सत्ता गाजवणाराही बदलतो. दुसरी म्हणजे सर्वांना सारखीच किंमत मोजावी लागते, असे मात्र हा शब्द म्हणत नाही. उलट नुकसान हा या प्रक्रियेचा भाग आहे, हे तो व्याख्येतच नोंदवतो. ‘संगम’ या शब्दात नुकसानाला जागा नसते.

आधीचा शब्द का पुरला नाही?

ऑर्तिझ यांच्या काळात मानवशास्त्रात ‘अ‍ॅकल्चरेशन’ हा शब्द प्रचलित होता. मराठीत त्याला ‘परसंस्कृतिग्रहण’ म्हणता येईल. १८८० च्या सुमारास अमेरिकी अभ्यासक जॉन वेस्ली पॉवेल यांनी तो वापरला. मूळ अमेरिकी जमाती गोऱ्या वसाहतकारांच्या संपर्कात आल्यावर त्यांच्यात काय बदल होतात, हा त्या वेळचा अभ्यासविषय होता. पुढे १९३६ मध्ये रॉबर्ट रेडफील्ड, राल्फ लिंटन आणि मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स या तीन मानवशास्त्रज्ञांनी त्याची अधिक काटेकोर व्याख्या केली. दोन गटांचा सतत प्रत्यक्ष संपर्क आला की त्यांपैकी एकाच्या किंवा दोघांच्याही मूळ सांस्कृतिक घडणीत बदल होतात, असे ती व्याख्या सांगत होती.

म्हणजे कागदावर दोन्ही बाजू होत्या. वापरात मात्र शब्दाचा कल एका बाजूला झुकलेला राहिला. दुबळा समाज बलवान समाजाच्या रीती उचलतो, हळूहळू त्याच्यासारखा होतो आणि हे होणे म्हणजे जणू प्रगती, अशी समजूत त्यामागे होती. शब्दाच्या सुरुवातीला असलेला लॅटिन उपसर्गही ‘कशाकडे तरी जाणे’ हा अर्थ सुचवतो. जायचे ठिकाण आधीच ठरलेले असते. कोण किती पोहोचला, एवढेच मोजायचे उरते. ऑर्तिझ यांनी ‘कडे’ सुचवणारा उपसर्ग काढून ‘पलीकडे, आरपार’ असा अर्थ असलेला उपसर्ग लावला. बदल अक्षरांचा दिसतो, पण त्यामुळे प्रश्न बदलला. ‘हे लोक आमच्यासारखे कितपत झाले?’ याऐवजी ‘या भेटीत कोणाचे काय झाले?’ असे विचारणे शक्य झाले.

हा शब्द क्यूबातच का जन्मला?

क्यूबाचा इतिहास पाहिला की या प्रश्नाचे उत्तर मिळते. १४९२ मध्ये कोलंबस या बेटावर पोहोचला तेव्हा तेथे ताइनो आणि इतर मूळ रहिवासी होते. १५११ पासून स्पेनने बेट जिंकायला सुरुवात केली. सक्तीची मजुरी, हिंसा आणि युरोपातून आलेले रोग यांमुळे काही दशकांतच मूळ समाज मोडून पडला. त्यानंतर सुमारे साडेतीन शतकांत अंदाजे ८ लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून क्यूबात आणण्यात आले. त्यांपैकी बहुतेक जण एकोणिसाव्या शतकात, साखर उद्योगाच्या भरभराटीच्या काळात आले. १८४७ ते १८७४ या काळात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर करारावर आणले गेले. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये.

स्पेनमधून आलेले लोकही एकाच मुशीतले नव्हते. वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळ्या बोली घेऊन ते आले होते आणि त्यांनाही नवे हवामान, नवे अन्न, नवी समाजरचना स्वीकारावी लागली. थोडक्यात, या बेटावरचा जवळपास प्रत्येक जण कुठून तरी तुटून आलेला होता. मात्र एक जण जमीन मिळवण्यासाठी आला होता आणि दुसऱ्याला विकण्यासाठी आणले होते. हा फरक न पुसता सर्वांच्या बदलाविषयी एकत्र कसे बोलावे, ही ऑर्तिझ यांची अडचण होती.

ऑर्तिझ स्वतःही या विचारापर्यंत एका दिवसात आले नाहीत. १८८१ मध्ये हवानात जन्मलेले ऑर्तिझ शिक्षणाने वकील. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकात आफ्रिकी वंशाच्या क्यूबन लोकांचे धार्मिक विधी गुन्हेगारीशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले होते. इटालियन गुन्हेगारीतज्ज्ञ चेझारे लोम्ब्रोसो यांच्या विचारांचा त्यावर मोठा प्रभाव होता. पुढच्या तीन दशकांत संगीत, वाद्ये, भाषा आणि श्रद्धा यांचा अभ्यास करताना त्यांची भूमिका बदलत गेली. ज्या परंपरांना त्यांनी आधी समाजाचा रोग मानले, त्याच त्यांना पुढे क्यूबाच्या घडणीचा गाभा वाटू लागल्या.

तंबाखू आणि साखर यांचा सवाल-जवाब

१९४० च्या ज्या पुस्तकात हा शब्द आला, त्याचे नाव ‘कोन्त्रापुन्तेओ कुबानो देल ताबाको इ एल असूकार’. म्हणजे साधारण ‘तंबाखू आणि साखर यांचा क्यूबन सवाल-जवाब’. कलगी-तुऱ्यात दोन पक्ष एकमेकांना कोड्यात टाकतात, तशीच येथे दोन पिके समोरासमोर उभी केली आहेत.

तंबाखू बेटावरचीच. लहान शेत, पानापानाची निगा, कसबी हात आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे वेगळा वाण. साखर बाहेरून आलेली. अफाट मळे, यंत्रे, परदेशी भांडवल, गुलामांचे श्रम आणि शेवटी सगळीकडे सारखाच पांढरा दाणा. ऑर्तिझ यांना या दोन पिकांतून क्यूबाच्या समाजाचे दोन चेहरे दाखवायचे होते.

तंबाखूची गोष्ट तर त्यांच्या शब्दाचे उत्तम उदाहरण ठरते. मूळ रहिवाशांसाठी तंबाखूचा संबंध धर्मविधी आणि उपचारांशी होता. युरोपात ती आधी औषध म्हणून गाजली, मग चैन झाली आणि पुढे राजांच्या तिजोरीत कर भरणारा माल झाली. ज्यांच्याकडून ती घेतली तो समाज मोडून पडला. ज्यांनी ती घेतली त्यांच्या सवयी, व्यापार आणि महसूल बदलून गेला. जिंकणाराही बदलतो तो असा.

या दोन पिकांचा धागा मराठीपर्यंत येतो. ‘साखर’ हा शब्द संस्कृत ‘शर्करा’पासून आला. त्याच शब्दाने फारसी आणि अरबीमार्गे स्पेन गाठले आणि तेथे तो ‘असूकार’ झाला. उलट दिशेने ‘तबाको’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर भारतात आला आणि मराठीत ‘तंबाखू’ झाला. अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून परतताना तंबाखू मुघल दरबारात नेली, ती सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. म्हणजे तेव्हा ती दख्खनमध्ये पोहोचलेली होती.

घेणे, गमावणे, घडणे: प्रत्यक्षात कसे दिसते?

क्यूबातील ‘सान्तेरिया’ या धर्मपरंपरेत तिन्ही गोष्टी एकत्र पाहता येतात. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या देवतांना ‘ओरिशा’ म्हणतात. क्यूबात या देवता कॅथलिक संतांशी जोडल्या गेल्या. विजेचा पुरुषदेव चांगो आणि संत बार्बरा ही स्त्री यांची जोडी जमली. नदी आणि प्रेमाची देवता ओचून ही क्यूबाची संरक्षक मानल्या जाणाऱ्या एल कोब्रेच्या मेरीमातेशी जोडली गेली. हे झाले घेणे.

गमावले काय? योरुबा ही रोजच्या व्यवहाराची भाषा म्हणून टिकली नाही. ती ‘लुकुमी’ या नावाने प्रार्थना आणि गाण्यांपुरती उरली. आफ्रिकेत अनेक ओरिशांची उपासना विशिष्ट गावाशी किंवा कुळाशी बांधलेली होती. गुलामांच्या जहाजांनी गाव आणि कूळ दोन्ही तोडले. मग नवे काय घडले? वेगवेगळ्या गावांचे ओरिशा क्यूबात एकाच घरात, एकाच उपासकाकडे एकत्र आले. ही रचना जशीच्या तशी आफ्रिकेत नव्हती आणि स्पेनमध्ये तर नव्हतीच. पुढे गोऱ्या क्यूबन लोकांनीही ही उपासना स्वीकारली. वरून संत आणि आतून ओरिशा अशी ती केवळ लपवाछपवी होती की दोन्ही श्रद्धा खरोखर एकजीव झाल्या, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

दुसरे उदाहरण सान्तियागो दे कुबा या शहरातील कार्निव्हलचे. तेथील आफ्रिकी ढंगाच्या ढोलांच्या मिरवणुकीत पुढे एक तीक्ष्ण आवाजाचे वाद्य असते. त्याला ‘चिनी कॉर्नेट’ म्हणतात. ते मूळचे चीनमधील ‘सुओना’, म्हणजे सनईच्याच कुळातले वाद्य. चिनी वाद्य, आफ्रिकी ताल आणि कॅथलिक सणांतून वाढलेला उत्सव. त्याला आज कोणी परके मानत नाही. त्याच्या आवाजाशिवाय सान्तियागोची मिरवणूक पुरी होत नाही.

गोव्यात हा शब्द लावून पाहिला तर?

गोव्याचा इतिहास क्यूबापेक्षा वेगळा आहे, पण हा शब्द तेथे काय दाखवतो ते पाहणे उपयोगाचे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील भागात देवळे पाडली गेली. भाविकांनी कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे, आजच्या फोंडा तालुक्यात हलवली. १६८४ मध्ये तर स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम निघाला. गमावणे कशाला म्हणतात ते येथे स्पष्ट दिसते.

त्याच काळात उलट्या दिशेनेही काही घडत होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स मराठी आणि कोकणी शिकले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. बायबलमधील कथा, भाषा मराठी, छंद ओवीचा, घाट पुराणाचा आणि छपाईची लिपी रोमन. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाला आपली गोष्ट सांगण्यासाठी येथल्या कवितेचा साचा घ्यावा लागला आणि त्यातून मराठीला एक महत्त्वाचा ग्रंथ मिळाला.

स्वयंपाकघरातही तेच. ‘विंदालू’ हा मूळचा वाइन किंवा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचा पोर्तुगीज प्रकार. गोव्यात माडीपासूनचे व्हिनेगर आले, स्थानिक मसाले आले आणि अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची आली. नावात ‘आलू’ ऐकून गोव्याबाहेरच्या अनेक हॉटेलांनी त्यात बटाटाही घातला. बटाटा हे पीक आणि हे नावही पोर्तुगीजांबरोबरच आलेले.

गोव्यावर बोलताना एकतर ‘सगळे लादलेले’ किंवा ‘सगळे गोड मिश्रण’ अशा दोन टोकांच्या भूमिका ऐकू येतात. ट्रान्सकल्चरेशन हा शब्द पाडलेले देऊळ आणि ओवीतले क्रिस्तपुराण या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवायला भाग पाडतो. एकीमुळे दुसरी माफ होत नाही आणि एकीमुळे दुसरी खोटीही ठरत नाही.

जवळचे शब्द, वेगळे अर्थ

रोजच्या वापरात काही शब्द एकमेकांच्या जागी येतात. त्यांतला फरक असा:

बहुसांस्कृतिक: एका समाजात अनेक संस्कृती शेजारी-शेजारी नांदतात. त्या एकमेकींना किती बदलतात, हे हा शब्द सांगत नाही. कॅनडाने १९७१ मध्ये जाहीर केलेले सरकारी धोरण याच नावाने ओळखले जाते.

आंतरसांस्कृतिक: दोन संस्कृतींमधील संवाद, देवाणघेवाण. ‘आंतरसांस्कृतिक विवाह’, ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ असे प्रयोग यातले.

सात्मीकरण: लहान किंवा दुबळा गट मोठ्या गटात विरघळून जातो आणि त्याची वेगळी ओळख उरत नाही.

परसंस्कृतिग्रहण: संपर्कामुळे दुसऱ्याच्या रीती स्वीकारणे. स्थलांतरितांच्या मानसशास्त्रात हा शब्द आजही रूढ आहे आणि तेथे त्याचा वापर पूर्वीपेक्षा बराच संतुलित झाला आहे.

ट्रान्सकल्चरेशन: घेणे, गमावणे आणि त्यातून नवे घडणे, तेही सर्व बाजूंनी.

शब्दाचा पुढचा प्रवास आणि आक्षेप

ऑर्तिझ यांच्या पुस्तकाला त्या काळातील नामवंत मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी प्रस्तावना लिहिली. नव्या शब्दाचे मनापासून स्वागत करून आपणही तो वापरू, असे त्यांनी म्हटले. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या लेखनात मात्र त्यांनी तो फारसा वापरला नाही. पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९४७ मध्ये आले, तरी इंग्रजी मानवशास्त्रात जुनाच शब्द चालू राहिला. फर्नांदो कोरोनिल या व्हेनेझुएलाच्या अभ्यासकाने १९९५ च्या इंग्रजी आवृत्तीत याकडे लक्ष वेधले. हवानात घडलेला विचार मोठ्या विद्यापीठांपर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागतो, हाही संस्कृतींच्या असमान संबंधांचाच प्रश्न आहे.

लॅटिन अमेरिकेत हा शब्द रुजला. उरुग्वेचे समीक्षक आन्हेल रामा यांनी १९८२ च्या पुस्तकात तो साहित्याला लावला. पेरूचे कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास स्पॅनिशमध्ये लिहीत, पण त्यांच्या स्पॅनिशची ठेवण क्वेचुआ भाषेने बदलून टाकली होती. रामा यांच्या विवेचनात आर्गेदास मध्यवर्ती आहेत. १९९२ मध्ये मेरी लुईस प्रॅट यांनी प्रवासवर्णनांच्या अभ्यासात हा शब्द घेतला आणि इंग्रजी वाचकांत तो अधिक पसरला.

आक्षेपही आले. पेरूचे समीक्षक आन्तोनियो कोर्नेहो पोलार यांचे म्हणणे असे, की ‘नवे काहीतरी घडते’ यावर भर दिला की शेवटी सगळे एकजीव होते, असा समज पसरतो. प्रत्यक्षात अनेक समाजांत भेगा तशाच राहतात. विजेते आणि पराभूत एकाच देशात राहूनही दोन वेगळ्या जगांत जगतात. हा आक्षेप गंभीर आहे. ज्या शब्दाने नुकसानाची नोंद ठेवायची, तोच ढिलेपणाने वापरला तर ‘संगम’ या शब्दाइतकाच गुळगुळीत होऊ शकतो.

मराठीत काय म्हणावे?

या संकल्पनेसाठी मराठीत अजून एकच शब्द पक्का झालेला नाही. ‘भाषांतर’, ‘धर्मांतर’ यांच्या धर्तीवर ‘संस्कृत्यंतर’ म्हणता येईल, पण त्यातून एक सोडून दुसरी धरली असा अर्थ निघतो, आणि ऑर्तिझ यांचा विरोध नेमका त्यालाच होता. ‘संस्कृतिसंक्रमण’ अधिक जवळचा वाटतो, कारण ‘संक्रमण’ म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणे. मात्र हल्ली हिंदीच्या प्रभावाने तो शब्द रोगाच्या संसर्गासाठीही ऐकू येतो. त्यामुळे सध्या तरी ‘ट्रान्सकल्चरेशन’ हाच शब्द ठेवून पहिल्या वापरात त्याचा अर्थ एका वाक्यात सांगणे सोयीचे ठरते.

तो वापरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. येथे कोणी काय घेतले? कोणी काय गमावले? आणि दोघांकडेही नव्हते असे काय तयार झाले? तिन्हींची उत्तरे देता आली तर शब्द योग्य जागी आहे. मुंबईत पिझ्झा मिळू लागला, एवढ्याने ट्रान्सकल्चरेशन होत नाही. त्यासाठी ‘नवा पदार्थ आला’ इतके म्हणणे पुरेसे आहे. आणि फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत असेल, म्हणजे एका बाजूने केवळ गमावलेच असेल, तर त्याला साध्या मराठीत विध्वंस म्हणावे.